पंधरावी

शिवकांता मॅडमना कर्नाटकात आळंदला जायचं होतं. त्यांची आई अंथरुणाला खिळली होती. फाट्यावर दीडची गाडी मिळायची आणि तिथवर त्यांची बॅग उचलून न्यायचं काम माझ्याकडं आलं. बॅग न्यायची, गाडी हलली की परत फिरायचं, एवढंच.

सात वर्षं झाली त्याला. मी, सबिहा लालमहंमद, तेव्हा दहावीत होते. उमरग्याच्या बाहेर, हैदराबाद हायवेपासून अर्धा किलोमीटर आत, तुरीच्या रानात एका शिक्षणसंस्थेनं चालवलेलं आमचं मुलींचं वसतिगृह होतं. एक लांब हॉल, दोन्ही भिंतींना लावलेल्या लोखंडी कॉट, मागं स्वयंपाकघर, पुढं अंगण आणि अंगणाला माणसाच्या दीडपट उंच फाटक. घरच्यांनी आम्हाला शिकायला ठेवलं होतं ते त्या फाटकाच्या भरवशावर. माझी मैत्रीण तरन्नुम, तिचे अब्बा तर भेटायला आले की आधी कुलूप ओढून बघायचे, मग लेकीची चौकशी करायचे.

दिवाळीनंतरचा दुसरा शनिवार होता. बऱ्याच मुली गावाहून अजून परतल्या नव्हत्या. माझ्यासकट चौदा जणी होतो. आमच्या गृहपाल म्हणून शिवकांता मॅडम, आणि स्वयंपाकाला म्हाताऱ्या शिवम्मा.

फाट्यावर ऊन चटका देत होतं. मॅडमनी पदरानं पुसून फाटकाची किल्ली माझ्या हातात ठेवली, पण लगेच सोडली नाही.

"सहाला हजेरी घ्यायची. नाव वाचायचं आणि डोळ्यांनी माणूस बघायचं. नुसता आवाज ऐकून खूण करायची नाही. समजलं?"

"व्हय मॅडम."

"व्हय नाही, हो. आणि फाटक उघडायचं नाही. उद्या दुपारी येते मी. तुझ्यावर सोडून जातेय. तुझ्यावर म्हणजे तुझ्यावरच."

गाडी गेली. खरं सांगते, त्या वेळी मला जबाबदारी वगैरे काही वाटलं नाही. पाच वर्षं ज्या कुलपाकडं मी आतून बघत होते, त्याची किल्ली माझ्या मुठीत होती. उन्हानं तापून ती पोळत होती, तरी मी मूठ उघडली नाही.

तरन्नुम फाटकाचे गज धरून उभीच होती.

"गेल्या?"

"गेल्या."

"मग आत कशाला येतेस? आमालाच बाहेर घे की गे."

मी नको म्हणाले. एकदा म्हणाले, दोनदा म्हणाले. तिसऱ्यांदा म्हणताना माझं मलाच हसू आलं. शिवम्मा भाकऱ्या उरकून मागच्या खोलीत झोपल्या होत्या, त्यांना तसंही कमी ऐकू यायचं. वसतिगृहाच्या मागं माळावर एक बंद पडलेली दगडाची खाण होती. तिच्या काठाची सीताफळाची झुडपं गच्चीवरून रोज दिसायची. तासाभरात जाऊन येऊ, असं ठरलं. मी अटही घातली, की मोठ्या मुलीनं एकेका लहान मुलीचा हात धरायचा आणि परत येईपर्यंत सोडायचा नाही.

माझ्या वाट्याला ज्ञानेश्वरी आली.

ती सहावीतली. तिचा बाप धुळाप्पा मेंढरं घेऊन रानोमाळ हिंडायचा. पोरीला भिंतीआड झोपायची सवयच नव्हती. जूनमध्ये आली तेव्हा महिनाभर रोज रडली. मुली तिला जवळ करत नसत. अंगाला मेंढरांचा वास येतो म्हणायच्या, तिची कॉट सरकवत सरकवत त्यांनी पार शेवटच्या कोपऱ्यात नेली होती. मी एकदा तिच्यावर ओरडणाऱ्यांना गप्प केलं, तेव्हापासून ती माझ्या मागं मागं असायची. मला त्याचा कंटाळा यायला लागला होता. तिच्या तळहाताला कायम घाम असायचा, चिकट, उकडलेल्या बटाट्यासारखा ऊन.

माळावर पोचलो आणि आमचं डोकं फिरलं. दुसरं काय म्हणू? मुलींनी वेण्या सोडल्या. तरन्नुमनं ओढणी काडीला बांधून झेंडा केला. आम्ही ओरडत होतो, नुसतंच, शब्दांवाचून. खाण मोठी होती, दोन पुरुष खोल, तळाशी हिरवं-काळं पाणी. अशा जागी ओरडलं की आवाज घुमून परत यायला पाहिजे. तिथं येत नव्हता. आवाज आत जायचा आणि आतच राहायचा. त्या वेळी ते ध्यानात आलं, पण त्याचा अर्थ काय लावायचा हे सुचलं नाही.

तरन्नुम आणि दोघी-तिघी पलीकडच्या काठाला गेल्या. तिकडं फळं मोठी होती. मला जायचं होतं. ज्ञानेश्वरीच्या पायात काटा मोडलेला, ती लंगडत होती.

काठावर एक घडीव दगड पडला होता. मी तिला त्यावर बसवलं.

"इथं बस. हलायचं नाही. मी हाक मारली की ये."

"आन् न्हाय मारली तर?"

"मारीन म्हटलं ना!"

मी तिचा हात झटकला आणि माझा हात कमीजला पुसला. तिनं ते बघितलं. दगडावर गुडघे जवळ घेऊन बसली.

पुढचा तास कसा गेला ते मला आठवत नाही. आनंदात गेला, एवढं आठवतं. सूर्य तुरीला टेकला तेव्हा एक मुलगी किंचाळली, "जीप! संस्थेची जीप!" वसतिगृहाच्या रस्त्यावर धुरळा उठला होता. आम्ही जिवाच्या आकांतानं पळालो. काट्यांतून, बांधावरून, चपला हातात घेऊन. ती जीप संस्थेची नव्हतीच, सरळ पुढच्या शेताकडं निघून गेली. पण तोवर आम्ही फाटकात घुसलो होतो. मी मुलींना आत ढकललं आणि कुलूप लावलं. मोजल्या का? नाही. घोळका आत शिरला, एवढंच मी पाहिलं.

सहा वाजून गेले होते. लाइट नव्हती. मुली आपापल्या कॉटवर बसल्या, धापा टाकत, हसत. हॉलमध्ये घामाचा आणि सीताफळाचा वास कोंडला होता. हातातल्या बॅटरीचा उजेड हजेरीच्या वहीपुरताच पडत होता. मी एकेक नाव वाचत गेले. अंधारातून 'हजर' येत गेलं. मी खुणा करत गेले.

"ज्ञानेश्वरी धुळाप्पा."

कुणी बोललं नाही.

"ज्ञानेश्वरी!"

थोडा वेळ गेला. लांबून कुणी चालत यावं आणि मग बोलावं, तेवढा. मग शेवटच्या कोपऱ्यातून आलं, "...हजर."

मी खूण केली. शेवटी माझी स्वतःची खूण केली. चौदा. वही मिटली, हात कमीजला पुसला आणि तो पुसतानाच मला दुपारचं आठवलं.

मी तिला हाक मारलीच नव्हती.

कोपऱ्यात ती भिंतीकडं तोंड करून बसली होती. तशीच वेणी, तशीच लाल रिबीन. जवळ गेले तसा वास आला. मेंढरांचा नाही. दिवाळीला फटाके उडवून झाल्यावर ओल्या मातीला जो वास येतो, तो.

"ज्ञानेश्वरी, कुणासंगं आलीस तू?"

"एकटीच."

"कधी?"

"तुमी हाक मारली तवा."

"मी... मी हाक नव्हती मारली."

"आत्ता मारली की." ती भिंतीशीच बोलत होती. "दोनदा मारली. नाव घेऊन."

मी बॅटरी तिच्याकडं वळवली. तिनं मान फिरवली. चेहरा ज्ञानेश्वरीचाच होता. पण कपाळावर, गालांवर, ओठांवर दगडाची राखाडी धूळ बसली होती. पापण्यांवरसुद्धा. आणि ती पापणी हलवत नव्हती.

मी मागं सरकले. तरन्नुम माझ्या पाठीशी येऊन उभी होती. तिनंही बघितलं असावं, कारण तिनं माझं मनगट आवळून धरलं.

"गप बस," ती कानाशी म्हणाली. "वहीत हजर हाय ना? मग हाय."

"तरन्नुम, पोरगी खाणीवर राहिली. मी ठेवून आले तिला."

"कुणी राहिलं न्हाय. समोर बसलीय. तू आता बोंब मारलीस तर उद्या सगळ्यांच्या घरी कळंल. माझे अब्बा मला इथं ठेवतील का? जानेवारीत निकाह लावून मोकळे होतील. तुला चालंल ते?"

तेवढ्यात फाटक वाजलं.

कुणीतरी साखळी ओढत होतं. मग आवाज आला, बारीक, रडून बसलेला. "ताई... ओ ताई... उघडा की..."

हॉलमधलं हसणं थांबलं. प्रत्येकीनं तो आवाज ओळखला. आणि प्रत्येकीनं कोपऱ्याकडं बघितलं.

कोपऱ्यातली शांतपणे म्हणाली, "हजेरी झाली, ताई. उघडू नका."

मी दाराकडं निघाले, तर मुली उठून दारात उभ्या राहिल्या. रोज माझ्या शेजारी जेवणाऱ्या, माझ्या वहीतून गणितं उतरवणाऱ्या मुली. त्यांच्या चेहऱ्यांवर भीती होती, पण भीतीपेक्षा राग जास्त होता. माझ्यावरचा.

"मोज," तरन्नुम म्हणाली. "मोज आतल्या. चौदा आहोत. मग बाहेरची कोण? तू फाटक उघडलंस तर पंधरावी आत येणार. किल्ली दे इकडं."

तिचं म्हणणं बरोबर होतं, हेच भयंकर होतं. आकडा बरोबर होता, वही बरोबर होती, कुलूप बरोबर होतं. मी काहीच केलं नसतं तर मला कुणी बोल लावला नसता.

तिनं किल्लीवर हात घातला. मी तिच्या हाताला चावले. ती ओरडली, मुली बाजूला झाल्या आणि मी अंगणात पळाले.

फाटकापलीकडं अंधार उतरला होता, तरी माणूस दिसेल एवढा उजेड आकाशात होता. गजांना धरून ती उभी होती. फ्रॉक फाटलेला, नाकातून पाणी.

"ज्ञानेश्वरी?"

"मंग कोण?" ती भडकली. "तुमच्या बाचं काय जात व्हतं हाक मारायला? म्या बसले, बसले... अंधार पडला. तुमी न्हायच मारली. मंग आपलीआपण आले. काट्यातून आले. उघडा!"

मी गजातून हात बाहेर काढला. तिनं तो घट्ट पकडला. घामानं चिकट, ऊन हात. दुपारी मी झटकलेला.

मी तिला नाव घेऊन जवळ ओढलं. "ज्ञानेश्वरी, आले गं, उघडते," असं काहीतरी म्हणाले आणि कुलूप काढलं. आत हॉलमधून एकदम कालवा उठला आणि तसाच एकदम बंद झाला.

साखळीचा आवाज की कालवा, कशानं तरी शिवम्मा जाग्या झाल्या होत्या. त्या कंदील घेऊन आल्या. आम्ही तिघी हॉलमध्ये शिरलो. मुली एका भिंतीला चिकटून उभ्या होत्या. कोपऱ्यातली कॉट रिकामी होती. चादरीवर कुणी बसून उठल्याची राखाडी धूळ होती. मागची खिडकी बंद होती, तिचे गज जागच्या जागी.

"कुठं गेली?" मी विचारलं.

तरन्नुम चावलेला हात पोटाशी धरून उभी होती. तीच म्हणाली, "तू बाहेर तिचं नाव घेतलंस... ते इथं ऐकू आलं. तशी ती उठली. आमच्याकडं बघून म्हणाली, मग माझं नाव काय?"

"मग?"

"मग काय... आम्ही काय सांगणार? एकेकीच्या तोंडाजवळ येऊन विचारत होती. कुणी बोललं न्हाय. मग नव्हतीच."

शिवम्मांनी चादरीवर बोट फिरवलं, ते नाकाला लावलं आणि मटकन खाली बसल्या. मला म्हणाल्या, "खाणीवर नेलतीस पोरींना?"

मी मान डोलावली.

"यव्वा..." त्या खूप हळू बोलायला लागल्या. "माझा दादला होता त्या खाणीवर कामाला. सुरुंग उडवायच्या आधी मुकादम काठावर यादी घिऊन उभा ऱ्हायचा. एकेक नाव वाचायचा. नाव घेतलं की माणूस वर यायचं. सगळे आले की मग बत्ती. यादी एकदम बरोबर असायची. एक दिवस सगळी नावं झाली, बत्ती दिली. आन् मग बाया वरडायला लागल्या. पोरी सावलीला खाली बसल्या होत्या. पोरींची नावं यादीत कशी असतील? पोरी कामावर कुठं होत्या?"

"किती होत्या?"

शिवम्मांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी काही वंगाळ विचारलं होतं. "कोण मोजलं?" त्या म्हणाल्या.

कंदील मध्ये ठेवून आम्ही बसून राहिलो. ज्ञानेश्वरी माझ्या मांडीवर डोकं ठेवून कधीच झोपली होती, तोंड उघडं टाकून. बाकीच्या मुलींनी माझ्यापासून कॉट लांब ओढल्या.

रविवारी दुपारी मॅडम आल्या. फाट्यावरून त्यांची बॅग घेऊन येताना मी सगळं सांगितलं. धूळ भरलेल्या पोरीचं सांगितलं तेव्हा त्यांनी नुसतं ऐकलं, विश्वास ठेवला की नाही कळलं नाही. पण मी फाटक उघडलं, हात सोडला आणि न बघता खूण केली, हे सांगितलं तेव्हा त्या रस्त्यातच थांबल्या.

"आता सांगितलंस म्हणून तुझं ओझं उतरलं असं समजू नकोस," त्या म्हणाल्या. "मी सगळ्यांच्या घरी कळवणार. ते मला कळवावंच लागेल. त्याचं जे होईल ते तू डोळ्यांनी बघायचंस."

आणि मी बघितलं. सोमवारी सकाळीच तरन्नुमचे अब्बा आले. त्या दिवशी त्यांनी कुलूप ओढून बघितलं नाही. तरन्नुमनं पेटी भरली, वह्या-पुस्तकं तिथंच कॉटवर ठेवली. जाताना ती माझ्याजवळ थांबली. मला वाटलं शिवी देईल. तिनं फक्त हातावरचे दातांचे वण दाखवले आणि गेली. फेब्रुवारीत तिचं लग्न झालं. दहावीच्या परीक्षेला तिचा नंबर माझ्या पुढच्या बाकावर होता. तो बाक रिकामा राहिला. तोंड उघडलं नसतं तर ती तिथं बसली असती, हे मला माहीत आहे. तरी पुन्हा तीच वेळ आली तर मी तेच करीन. पण हे म्हणताना मला कधी बरं वाटलेलं नाही.

त्याच सोमवारी दुपारी ज्ञानेश्वरीचा बाप आला. धुळाप्पा उंच, अबोल माणूस. मी त्याच्या पाया पडले. तो म्हणाला, "मेंढरू चुकतं, बाई. हुडकायचं असतंय." मॅडमनी मला त्यांना फाट्यापर्यंत सोडून यायला सांगितलं.

वाटेत धुळाप्पा पुढं झाला. ज्ञानेश्वरी माझ्या बरोबर चालत होती. तिचा हात मी धरला होता, तिनं तो धरू दिला होता. मी तिला विचारलं, "एकटी बसलीस इतका वेळ. लई भ्याली असशील."

"एकटी कुठं?" ती म्हणाली. "पोरी व्हत्या की. मला वाटलं जवळच्या वस्तीवरच्या हायत्या."

मी तिच्याकडं वळले. "कसल्या पोरी?"

"खालून आल्या. माझ्याजवळ बसल्या. त्यांलाबी कुणी हाक मारली नव्हती."

"आणि... काय म्हणाल्या?"

"काय न्हाय. तुमच्या हास्टेलात कोणकोण असतंय म्हणून विचारलं. म्या सांगितली सगळ्यांची नावं. एकेकीनं एकेक घेतलं." ती जरा थांबली. "एकीनं माझंच घेतलं. ती लगेच निघाली. दुसरीला तुमचं आवडलं. तिला नीट म्हणता येईना, म्हणून दोनदा विचारलं."

गाडी आली. धुळाप्पानं लेकीला उचलून वर चढवलं. तिनं खिडकीतून हात हलवला, मी हलवला.

मग मी परत निघाले. लख्ख ऊन होतं, दुतर्फा तूर, तिच्यात वाऱ्याची झुळूकसुद्धा नव्हती. अर्धी वाट आले असेन. डाव्या हाताला, तुरीच्या आतून, माझ्या पावलांबरोबर कुणीतरी चालत होतं. आणि पुटपुटत होतं, कविता पाठ करताना पुटपुटतात तसं, चुकत, थांबत, परत पहिल्यापासून...

"सबि... सबिआ... सबिहा..."